दोन नगांसाठी पॅटर्न

आमच्या घरातला इंच बाकीच्या जगापेक्षा थोडा मोठा होता. लहान असताना एकदा घाईत मी बाबांच्या पेटीतली पोलादी पट्टी उचलून शाळेत नेली आणि भूमितीच्या तासाला माझी प्रत्येक रेघ वर्गातल्या सगळ्यांपेक्षा लांब निघाली. बाईंनी वही लाल करून परत दिली. घरी आल्यावर आई इतकी हसली, की तिला पदराने डोळे पुसावे लागले. बाबा आधी रागावले, कारण त्यांच्या पट्ट्यांना हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. मग त्यांनी मला शेजारी बसवून सांगितलं, की ही पट्टी खोटी नाही, ही वितळलेल्या लोखंडासाठी आहे. लोखंड ओतताना जेवढं असतं तेवढं थंड झाल्यावर राहत नाही, आकसतं. म्हणून ज्या लाकडी वस्तूचा ठसा वाळूत उमटवून त्यात लोखंड ओततात, ती वस्तू आधीच तेवढी मोठी करावी लागते. कारखान्यातले लोक तिला पॅटर्न म्हणतात आणि बाबा पॅटर्न करायचे. त्यांच्याकडे तीन पट्ट्या होत्या. एक बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडासाठीची, एक स्टीलची आणि एक साधी. स्टील बिडापेक्षा जास्त आकसतं, म्हणून स्टीलच्या पट्टीवरचा इंच सगळ्यात मोठा. दिसायला तिन्ही बहिणी-बहिणी. बाबा टोकाला कोरलेल्या अक्षरावर अंगठा फिरवून ओळखत.

भिलाईच्या कोहक्यात आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि मागे अंगणात पत्र्याची शेड. गोंदियाकडून बाबा तरुणपणीच भिलाईला आले, एका फाउंड्रीत सुतार म्हणून लागले आणि पुढे घरीच पॅटर्नची कामं घेऊ लागले. माझं सगळं लहानपण सागाच्या भुशाच्या वासात गेलं. सकाळी पोलाद प्लांटचा भोंगा, मग दुर्गकडे जाणारी गाडी, मग बाबांचा रंधा, असा आवाजांचा क्रम ठरलेला होता. त्यावरून आई वरणाला फोडणी द्यायची. थंडीत लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि ज्वारीची भाकर, बाकीचे दिवस भात. शेजारच्या छत्तीसगढी काकूंकडून तांदळाच्या पिठाचा फरा यायचा आणि आमच्याकडून त्यांच्याकडे पाटोडी जायची. घराबाहेर आम्ही हिंदी बोलायचो. मराठी उंबऱ्याच्या आत. बाबा घरासाठी काही करायला बसले, स्टूल म्हणा, देवळी म्हणा, पोळपाट म्हणा, की आई स्वयंपाकघरातून हमखास ओरडायची, "पट्टी कोणची हाये जी?" आणि बाबा तिथूनच म्हणायचे, "साधी हाये, साधी." हे वर्षानुवर्षं चाललं. त्यांचा विनोद मुळात एकच होता, पण तो दोघांना पुरत होता.

मग आई आजारी पडली. आजाराचं नाव मी इथे लिहीत नाही. ते घरात इतक्या वेळा उच्चारलं गेलं की मला त्याचा कंटाळा आला आहे. ती बारीक होत गेली. मी तिचे ब्लाउज आत घेत गेले, शिलाईच्या आत शिलाई, शेवटी कापडापेक्षा दोराच जास्त झाला. छत्तीसगढ राज्य तेव्हा नवं नवं होतं, रस्त्यावरच्या अर्ध्या गाड्यांच्या पाट्यांवर अजून जुन्या राज्याची अक्षरं होती, रायपूरच्या दवाखान्यात जाताना मी त्या पाट्या वाचत बसायचे. एवढंच मला त्या फेऱ्यांचं नीट आठवतं. ती गेली तेव्हा मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा नुकताच संपवला होता.

पुण्यानुमोदनासाठी, म्हणजे ती गेल्यानंतरच्या वंदनेसाठी, बाबांनी दुर्गच्या स्टुडिओतून तिचा फोटो मोठा करून आणला, चांगला दोन फूट उंच. फ्रेम विकत आणू नका म्हणाले. दोन दिवस शेडमध्ये बसून त्यांनी सागाची फ्रेम केली, कोपरे असे जोडले की सांधा दिसू नये. काच बाजारातून फोटोच्या मापाने कापून आणली होती. सकाळी माणसं जमू लागली, भंतेजी आले, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या आणि बाबांनी फोटो आणि काच फ्रेममध्ये बसवायला घेतली. काच सरकली आणि खाली जाऊन बसली. वर, आईच्या डोक्यावर, अर्ध्या इंचाची फट. बाबांनी ती पुन्हा वर ढकलली, ती पुन्हा खाली आली. मला त्याच क्षणी कळलं आणि त्यांनाही कळलं. त्यांनी स्टीलची पट्टी घेतली होती. तीस-एक वर्षांत जे एकदाही झालं नव्हतं ते त्यांच्याकडून झालं होतं, कारण त्या दोन दिवसांत स्वयंपाकघरातून कोणी विचारलंच नव्हतं. आत्याने, म्हणजे बाबांच्या बहिणीने, उदबत्तीचा पुडा फाडून त्याची घडी खालच्या बाजूला खुपसली. "कोणाले दिसते, भाऊ," ती म्हणाली, "वंदना सुरू करा." वंदना झाली, लोक जेवून गेले. संध्याकाळी बाबांनी हत्यारं एकेक पुसून लोखंडी पेटीत ठेवली, तिन्ही पट्ट्या एका फडक्यात गुंडाळून वर ठेवल्या आणि पेटीला कुलूप लावलं.

त्यानंतरचे महिने कसे गेले हे कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. दुःख झालं असंही म्हणवत नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं घर आमचं वाटत नव्हतं. आत्या गोंदियाला परत न जाता आमच्याकडे राहिली. ती चांगलं रांधायची, पण वरणात गूळ घालायची, आणि आम्ही दोघं ते गोड वरण काही न बोलता खायचो. बाबा सकाळी उठून शेडमध्ये जायचे, स्टुलावर बसायचे आणि दुपारी उठून यायचे. जुनी गिऱ्हाइकं येऊन विचारायची, बाबा म्हणायचे, "हात गेला आता." त्यांचा हात काही गेला नव्हता, ते घाबरले होते. ज्या माणसाला डोळे मिटून पट्टी ओळखता येते त्याला आपल्या अंगठ्याचा भरवसा वाटेनासा झाला होता. भिंतीवर आई त्या पुठ्ठ्याच्या घडीवर उभी होती आणि बाबा त्या भिंतीकडे पाठ करून जेवत. मला तेव्हा नीट वाटत होतं ते एकच: हे असंच राहिलं तर बाबाही जातील, फक्त त्यांना जरा वेळ लागेल.

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले होते. मालक साहूजी. भातगिरणीसाठी भुसा उडवणारा एक नवा पंखा त्यांना करायचा होता आणि त्यात बेअरिंग बसवायची एक बैठक लागणार होती: मध्ये गोल पोट, दोन्ही बाजूंना बोल्टने आवळायचे दोन पाय. धमतरीकडच्या एका गिरणीत पंखा लावून बघायचा होता, त्यासाठी आधी दोन नग हवे होते. चाचणी जमली तर पुढे शेकड्याने लागणार आणि ते अर्थातच बिडाचे, ओतलेले. पहिले दोन कसे करायचे, एवढाच प्रश्न होता.

आज मी जिथे शिकवते तिथे काचेच्या कपाटासारखं एक यंत्र आहे. मुलं संगणकावर चित्र काढतात आणि यंत्र प्लास्टिकचा थर थरावर घालत वस्तू उभी करतं. दर वर्षी नवी मुलं येतात आणि विचारतात, "मॅडम, प्रिंट कर दें?" मी त्यांना विचारते, हा तुकडा तुम्हाला काय सांगणार आहे? जागेवर बसतो का एवढंच बघायचं असेल तर प्रिंट करा, पुठ्ठ्याचा केलात तरी चालेल. ताकद बघायची असेल तर खऱ्या धातूतून कोरून काढा. आणि उद्या हजार नग ज्या रीतीने होणार आहेत ती रीत पारखायची असेल, तर पहिला नगही त्याच रीतीने करा, कितीही वेळ लागो. मुलं हे लिहून घेतात. हे मला कोणत्या दिवशी कळलं ते मी त्यांना सांगत नाही.

तो दिवस असा, की साहूजींच्या टेबलाभोवती आम्ही तिघं उभे होतो. आमचे लेथवाले रामटेके काका म्हणाले, "कायची भानगड? स्टीलचा ठोकळा आना, मी खोदून काढतो. परवा घेऊन जा." साहूजींना वेल्डिंग हवं होतं: पाइपाचा तुकडा, दोन पट्ट्या, जोडून टाका, उद्या तयार. काका म्हणाले, वेल्डिंगच्या आगीने पाय वाकतील, बेअरिंग तिरकं बसेल. साहूजी म्हणाले, ठीक है, तो सॉलिड से काटो. सगळं ठरलं होतं. मी म्हणाले, "सर, ढलाई करके देखते हैं." दोघांनी माझ्याकडे पाहिलं. दोन नगांसाठी आधी लाकडी पॅटर्न, मग वाळू, मग ओतकाम. पंधरवडा जाणार, आणि आकार बदलला तर पॅटर्न चुलीत. मी म्हणाले, स्टीलचा नग तुटणारच नाही. गिरणीत सगळं थरथरत असतं, ती थरथर स्टील सोसेल, पण पुढे जे बिडाचे जाणार आहेत ते सोसतील की नाही, हे स्टीलचा नग सांगणार नाही. आपण पास होऊ आणि गिऱ्हाईक नापास होईल. साहूजी बराच वेळ पेन आपटत राहिले. मग म्हणाले, "पैटर्न कौन बनाएगा? बाबूजी ने तो काम छोड़ दिया ना?"

मी म्हणाले, "बनाएँगे."

मी जे बोलले ते बरोबर होतं. आज वर्गात उभी राहूनही मी तेच बोलते. पण बोलताना माझ्या डोळ्यांपुढे गिरणी नव्हती, ती कुलूप लावलेली पेटी होती. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात कशा बसल्या, ते मला अजून सांगता येत नाही.

संध्याकाळी जेवताना मी ड्रॉइंग बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी डाव्या हाताने ते जरा फिरवलं.

"किती नग?"

"दोन."

"दोन नगाले पॅटर्न काहाले?" ते म्हणाले. "रामटेकेले द्या. खोदून काढते तो."

ते बरोबरच बोलत होते आणि कोणीही शहाणा पॅटर्नवाला तेच बोलला असता. स्वतःचं काम स्वतःच्या तोंडाने दुसऱ्याला देणारा माणूस मला त्या दिवशी नको होता. मी साहूजींपुढे जे म्हटलं होतं ते सगळं पुन्हा म्हटलं, फक्त घरच्या भाषेत. "बाबा, पुढचे सारे बिडाचे हायेत. स्टीलचा पास झाला तं काय कळन? मले हे पाहाचं हाये का बिडाचा कुठं तुटते."

आत्या म्हणाली, "जेवू दे वं त्याले," आणि बाबांच्या भातावर आणखी गोड वरण वाढलं. त्यांनी ते खाल्लं, हात धुतला, आणि झोपायला गेले. मी ड्रॉइंग उचललं नाही, तिथेच राहू दिलं.

सकाळी मी चहा गाळत होते. मागून बाबांचा आवाज आला.

"बीडच ना? का स्टील?"

"बीड."

"मंग बिडाची पट्टी काढून ठेव." त्यांनी किल्ली ओट्यावर ठेवली. "पट्टी तूच धरशीन. मी नाई धरत."

असं ते काम झालं. कारखान्यातून आल्यावर उजेड असेपर्यंत मी शेडमध्ये त्यांच्यासमोर बसायचे. पट्टी मी धरायची, माप मी वाचायचं, खूण मी करायची. ते फक्त कापायचे आणि तासायचे. फडक्यातून पट्टी काढताना तिच्या टोकाकडचं अक्षर मी मोठ्याने वाचून दाखवायचे, दर दिवशी, आणि ते मान हलवायचे. पहिल्यांदा रंध्याचा आवाज आला तेव्हा शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या आणि परत आत गेल्या. मला आनंद व्हायला हवा होता. मी वाट पाहिली, झाला नाही. भुसा पायावर पडत होता, तो ऊन होता, एवढं कळलं.

पॅटर्न झाला, लाखेने चकचकीत केला, फाउंड्रीत गेला. दोन बैठका करड्या आणि खरबरीत अशा आल्या, रामटेके काकांनी बेअरिंगची जागा तासून दिली, माप नेमकं उतरलं. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "उतरनच. पट्टी तुह्या हातात होती." मग काका पंख्याबरोबर धमतरीला गेले.

परत आले तेव्हा त्यांच्या पिशवीत एक बैठक अख्खी होती आणि दुसरीचा एक पाय वेगळा होता. दुपारपर्यंत पंखा चालला आणि मग टणकन आवाज होऊन पाय सुटला. साहूजी तुटका पाय हातात घेऊन माझ्याकडे वळले. "सॉलिड से काटते तो ये टूटता?"

"ये नहीं टूटता सर," मी म्हणाले, "बाद वाले सब टूटते."

त्यांनी तुकडा माझ्या हातात परत दिला. मला मात्र त्यांची भीती नव्हतीच. ही दोन तुकड्यांची बैठक घरी कशी न्यायची, याची भीती होती. ज्या माणसाने एका चुकीनंतर पेटीला कुलूप लावलं होतं, त्याच्यापुढे आता मी दुसरं तुटलेलं नेऊन ठेवणार होते. कोहक्याच्या चौकात ऑटोतून उतरून मी बराच वेळ नुसती उभी राहिले. पिशवीने बोटं कापत होती. न सांगता ती कुठेतरी टाकून द्यावी असंही मनात आलं. पण बाबांनी विचारलं असतं, आणि त्यांच्याशी खोटं बोलायची ताकद माझ्यात नव्हती.

ते शेडमध्येच होते. मी दोन्ही तुकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "तुटला."

"कुठं?"

आई गेल्यापासून त्यांनी इतक्या पटकन काहीही विचारलं नव्हतं. त्यांनी तुकडा उचलून उजेडाकडे धरला, तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. मग दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. "पोटातून निंघाला तिथंच गेला. पाय बारीक हाये. ड्रॉइंगात होता तेवढा केला आपन, ड्रॉइंगच बारीक हाये." ते चक्क खुशीत होते. "आन् कोपरा पाहा कसा धारदार हाये. इथं गोलाई पाहिजे. बरं झालं इथं तुटला. गिऱ्हाइकाकडं तुटला असता तं?"

"तुमाले वाईट नाई वाटलं?"

"काहाले? पहिला नग कायच्यासाठी करते? तो चुकला तवाच आपल्याले कळते." असं म्हणून त्यांनी फाउंड्रीतून परत आलेला पॅटर्न ओढला, पायाच्या मुळाशी गोलाईसाठी चामड्याची वादी वळवून ठेवली आणि फडक्याकडे हात केला. पट्टी त्यांनी स्वतः काढली. अंगठा फिरवला. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी तिथून उठले, आत जाऊन आत्याला म्हणाले, मला भूक लागली आहे, आणि उभ्याउभ्याच गार भात खाल्ला.

जाड पायांच्या बैठका पुढे गिरणीत चालल्या. साहूजींनी त्या पॅटर्नवर पुष्कळ नग काढले. कारखाना आता दुसऱ्याच्या हातात आहे, पण तो पॅटर्न कुठेतरी रॅकवर असेल. आत्या आपल्या घरी गोंदियाला गेली आणि स्वयंपाक माझ्याकडे आला. थंडी सुरू झाली होती. एका रविवारी सकाळी मी लाखोळीची भाजी निवडत बसले होते. आईसारखी ती मला आजही जमत नाही, पण तेव्हा मी पहिल्यांदाच करून बघत होते. बाहेर रंधा सुरू झाला. काम तर कोणतंच आलेलं नव्हतं. मी मान वर केली तर समोरची भिंत रिकामी होती; खिळा होता, खाली फरशीवर उदबत्तीच्या पुड्याची ती घडी पडलेली होती आणि फोटो आणि काच गादीवर नीट निजवून ठेवलेले होते, फ्रेम तेवढी नव्हती.

मी उठले नाही. भाजीचा हात तसाच ठेवून मी तिथूनच ओरडले, आणि ओरडल्यावर मला कळलं की शब्द माझे नाहीत, "पट्टी कोणची हाये जी?"

रंधा थांबला. दुर्गकडची गाडी येऊन निघून गेली तरी तो सुरू झाला नाही. मला वाटलं, आता ते पुन्हा पेटीला कुलूप लावणार, आणि या वेळी ते माझ्यामुळे. मग शेडमधून आवाज आला.

"साधी हाये, साधी."

रंधा पुन्हा चालू झाला. माझ्या मांडीवरची भाजी ओली झाली होती. आई गेल्यापासून मी पहिल्यांदा रडत होते.